दिसणारे पान, ऐकू न येणारे पान

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाला दोन रूपे असतात. पहिले रूप रंग, अक्षरे आणि चित्रे यांच्या साहाय्याने पडद्यावर उमटते व डोळस वाचक तेवढेच पाहतो. दुसरे रूप त्या पानामागे एचटीएमएल या सांकेतिक भाषेत लिहिलेले असते आणि ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी बनवलेली साधने प्रामुख्याने या दुसऱ्या रूपावर विसंबतात. दोन्ही रूपे परस्परांशी जुळत असली, तर दृष्टिहीन व्यक्ती परीक्षेचा अर्ज, बँकेचा व्यवहार किंवा दाखल्याची मागणी ही कामे स्वतःच्या स्वतः उरकू शकते. ती जुळत नसली, तर दिसायला निर्दोष असलेले पान तिच्यापुरते मुके ठरते. अशी न जुळणारी ठिकाणे हजारो पानांतून आपोआप हुडकून काढण्यासाठी गेल्या दशकभरात यंत्रशिक्षणाचा, म्हणजे आधी दिलेल्या उदाहरणांवरून स्वतःच निकष बांधणाऱ्या संगणकीय पद्धतींचा, उपयोग होऊ लागला आहे. या पद्धती बहुतांशी इंग्रजी पानांवर वाढल्या असल्यामुळे मराठी पानांतील सर्वांत जाचक अडथळे त्यांच्या नजरेतून निसटतात, आणि मराठी व हिंदी या दोन भाषा एकाच लिपीत नांदवणारा वर्धा जिल्हा हा प्रश्न समजून घेण्यास विशेष सोयीचा आहे.

कानांनी वाचणे

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखवणाऱ्या, अथवा ब्रेल-पट्टीवर उमटवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला आणि पुढे जेम्स तेह यांच्यासह वाढवलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो व त्याचे हे दोन्ही कर्ते स्वतः दृष्टिहीन आहेत. अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर ही त्याच जातीची साधने आहेत. ब्राउझर पानाच्या एचटीएमएलवरून एक शाखायुक्त नोंदवही तयार करतो, तिला सुगम्यता-वृक्ष म्हणता येईल. तिच्यात प्रत्येक घटकाची भूमिका, नाव आणि अवस्था नोंदलेली असते आणि स्क्रीन रीडर ही नोंद वाचतो. शोध-खिडकीशेजारी भिंगाचे चित्र असलेले बटण आहे आणि त्याच्या नोंदीत 'बटण' ही भूमिका व 'शोधा' हे नाव आहे, तर ऐकणाऱ्याला 'शोधा, बटण' असे ऐकू येते. नाव दिलेले नसेल, तर नुसते 'बटण' ऐकू येते. आणि रचनाकाराने खऱ्या बटणाऐवजी एक साधा चौकोन काढून त्यावर माऊसची क्लिक जोडली असेल, तर काहीच ऐकू येत नाही आणि कळफलकावरील टॅब कळीने तेथपर्यंत पोहोचताही येत नाही. पडद्याकडे पाहणाऱ्याला मात्र या तिन्ही प्रकारांत तिळमात्र फरक दिसत नाही.

अडथळे केवळ दृष्टिहीनांपुरते नसतात. ज्यांना माऊस धरता येत नाही अशांना कळफलकाची वाट बंद झालेली असते, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना उपशीर्षकांविना टाकलेली चित्रफीत निरुपयोगी असते, आणि मोतीबिंदू झालेल्या वृद्धाला फिकट करड्या अक्षरांतील सूचना दिसून न दिसल्यासारखी असते. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६३ लाख व्यक्तींची नोंद दिव्यांग म्हणून झाली होती. त्या वेळी कायद्याने मानलेले दिव्यांगत्वाचे प्रकार मोजके होते, तर १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले आहेत.

कायद्याची बाजू

या अधिनियमाचे कलम ४२ माहिती व संपर्काच्या इलेक्ट्रॉनिक साधनांमधील सुगम्यतेची, म्हणजे ती सर्वांना वापरता येण्याची, जबाबदारी शासनावर टाकते. त्याआधी २००९ मध्येच सरकारी संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली होती आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही आता उपलब्ध आहे. न्यायालयाने या तरतुदींना धार दिली. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष ठरवण्यास सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ओळख-पडताळणीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवून दाखवता येत नाही, हा त्या खटल्यातील एक मुख्य प्रश्न होता. निकालात दिलेल्या २० निर्देशांमध्ये ठरावीक काळाने सुगम्यतेची तपासणी करून घेण्याचाही समावेश आहे. तपासणी सक्तीची झाली की ती कोणी, कशी आणि किती वेगाने करायची, हा व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, आणि यंत्रशिक्षणाकडे लक्ष वळण्याचे एक कारण तेच आहे.

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या आणि २०११ च्या गणनेनुसार तेरा लाख लोकसंख्येच्या वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचे रूप अगदी रोजचे आहे. दाखल्यांसाठी 'आपले सरकार', शिष्यवृत्ती व शेतीच्या योजनांसाठी 'महाडीबीटी', दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी 'स्वावलंबन' अशी संकेतस्थळे नागरिकाला वापरावी लागतात, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीसाठीची नोंदणीही 'कपास किसान' या ॲपवर आली आहे. ज्याला पान वाचता येत नाही तो सेवा केंद्रावर जातो, तेथील चालकाला आधार क्रमांक सांगतो, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगतो, आणि अर्जात काय भरले गेले हे त्याच्या शब्दावर मानतो. सुगम्यतेचा प्रश्न म्हणूनच सोयीइतकाच खासगीपणाचा आणि फसवणुकीपासूनच्या संरक्षणाचाही आहे.

नियमांची तपासणी आणि तिची मर्यादा

संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जगभर मान्य असलेले निकष डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी २००८ मध्ये आणि तिच्या सुधारित आवृत्त्या २०१८ व २०२३ मध्ये प्रसिद्ध केल्या. मजकूर जाणवला पाहिजे, वापरता आला पाहिजे, समजला पाहिजे आणि निरनिराळ्या साधनांवर टिकला पाहिजे, ही या निकषांची चार मूलतत्त्वे आहेत. त्यांपैकी काही निकष शुद्ध गणिताचे आहेत. साध्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे असा नियम आहे. लाल, हिरवा व निळा या तिन्ही रंगांची तीव्रता २५५ पैकी ११८ असलेला करडा रंग पांढऱ्यावर ४.५४ गुणोत्तर देतो आणि उत्तीर्ण होतो, तर तीव्रता ११९ केली की गुणोत्तर ४.४८ होते आणि तो अनुत्तीर्ण ठरतो. असा निर्णय देण्यास कोणत्याही शिक्षणाची गरज नसते. अॅक्स, वेव्ह किंवा लाइटहाउस यांसारखी नियमाधारित साधने तो क्षणार्धात देतात.

या साधनांनी दाखवलेले चित्रही पुरेसे बोलके आहे. अमेरिकेतील वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी जगातील सर्वाधिक वापराच्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के मुखपृष्ठांवर यंत्राला सापडू शकणारे दोष होते. फिकट अक्षरे ७९.१ टक्के, पर्यायी मजकुराविना चित्रे ५५.५ टक्के आणि नाव नसलेल्या अर्ज-चौकटी ४८.२ टक्के मुखपृष्ठांवर आढळल्या. पर्यायी मजकूर म्हणजे चित्रामागे लिहून ठेवलेले, पडद्यावर न दिसणारे परंतु स्क्रीन रीडरला वाचता येणारे वर्णन होय.

तथापि जे सापडले तेवढेच दोष असतात असे नाही. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१७ मध्ये मुद्दाम १४२ अडथळे पेरलेले एक पान तयार करून अनेक स्वयंचलित साधनांकडून ते तपासून घेतले, तेव्हा सर्वांत चांगल्या साधनालाही निम्म्याहून कमी अडथळे सापडले आणि सुमारे २९ टक्के अडथळे एकाही साधनाला सापडले नाहीत. याचे कारण नियमाच्या स्वभावातच आहे. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे नियम सांगू शकतो. तो मजकूर 'फोटो १' असा आहे की 'लसीकरण शिबिराचे तालुकावार वेळापत्रक' असा आहे, यातला फरक नियमाला कळत नाही. पानाला भाषेची खूण आहे हे तो पाहतो. ती खूण खरी आहे का, हे पाहत नाही. नियम अस्तित्व तपासतो, वापरणाऱ्याला गरज असते ती अर्थाची, आणि यंत्रशिक्षणाचे क्षेत्र या दोहोंच्या मध्ये सुरू होते.

यंत्र शिकते ते कसे

यंत्रशिक्षणाचे तत्त्व थोडक्यात असे सांगता येईल की, माणसांनी 'अडथळा आहे' किंवा 'अडथळा नाही' असा शिक्का मारलेली हजारो उदाहरणे संगणकाला दिली जातात, संगणक त्या उदाहरणांतील समान लक्षणांना कमीअधिक वजन देत एक गणिती प्रारूप बांधतो, आणि मग पूर्वी न पाहिलेल्या पानावर तेच प्रारूप लावून शिक्क्याचा अंदाज करतो. संकेतस्थळाच्या बाबतीत त्याला तीन प्रकारची सामग्री मिळते: पानामागचे एचटीएमएल, त्यावरून तयार झालेला सुगम्यता-वृक्ष आणि पडद्यावर उमटलेल्या पानाचे छायाचित्र. खोट्या बटणाचा शोध या तिन्हींच्या ताळमेळातून लागतो. छायाचित्रातील वस्तू ओळखणारे प्रारूप 'येथे बटण दिसते' असे सांगते, सुगम्यता-वृक्षात त्या जागी बटणाची नोंद नसते, आणि ही विसंगतीच अडथळ्याची खूण ठरते. मोठ्या ठळक अक्षरांत दिसणारा परंतु शीर्षक म्हणून न नोंदलेला मजकूर, किंवा दिसणाऱ्या क्रमाहून वेगळ्या क्रमाने वाचला जाणारा अर्ज, हेही अशाच तुलनेने ओळखता येतात.

मोबाइल ॲपच्या क्षेत्रात ही कल्पना प्रत्यक्षात उतरली आहे. २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ या प्रणालीत ॲपल कंपनीने पडद्याच्या केवळ चित्रावरून बटणे, चौकटी व चिन्हे ओळखून ती व्हॉइसओव्हरला पुरवणारी सोय दिली. तिच्या मागील प्रारूपासाठी ४,०६८ आयफोन ॲपमधील ७७,६३७ पडद्यांवर माणसांकडून घटकांच्या खुणा करून घेतल्याचे कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी, १०,४०८ अँड्रॉइड ॲपच्या पाहणीत ७७ टक्क्यांहून अधिक ॲपमध्ये नाव नसलेली चित्र-बटणे असल्याचे संशोधकांना आढळले होते, आणि त्यांनी बटणाच्या चित्रावरून त्याचे नाव सुचवणारे प्रारूपही तयार केले होते. पर्यायी मजकूर चित्राला साजेसा आहे का, हे ठरवण्यासाठी चित्र आणि वाक्य या दोहोंना एकाच गणिती अवकाशात मांडून त्यांतील जवळीक मोजणारी प्रारूपे वापरता येतात. या जातीचे क्लिप हे प्रारूप २०२१ मध्ये ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवून तयार झाले, मात्र त्या जोड्यांतील मजकूर इंग्रजी होता. मराठी पानांच्या अडचणीची सुरुवात येथूनच होते.

मराठी पानांचे वेगळे दुखणे

पहिली अडचण जुन्या टंकांची आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक पद्धत रुळण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, विदर्भातील कार्यालये व डीटीपीची दुकाने कृतिदेवसारख्या टंकांत मजकूर जुळवत आली. या टंकांत संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरेच साठवली जातात आणि केवळ त्यांचा आकार देवनागरी दिसतो. कृतिदेवमध्ये 'वर्धा' हा शब्द जुळवताना 'व'साठी ओ, 'ध'च्या अर्ध्या भागासाठी तिरकी रेघ, त्याच्या दंडासाठी के, कान्यासाठी पुन्हा के आणि शेवटी रफारासाठी झेड या कळी दाबाव्या लागतात. पडद्यावर स्वच्छ 'वर्धा' दिसते, पण असा मजकूर पीडीएफ होऊन संकेतस्थळावर चढला आणि स्क्रीन रीडरने त्यातील अक्षरे सुटी वाचली, तर 'ओ, स्लॅश, के, के, झेड' एवढेच कानी पडते. नियमाधारित साधनाच्या लेखी येथे काहीच दोष नसतो, कारण मजकूर आहे, निवडता येतो, रंगही गडद आहे. उलट शिकलेल्या प्रारूपाला ही गडबड सहज पकडता येते: कान्याचे आणि दंडाचे काम 'के' करत असल्यामुळे ते अक्षर अशा मजकुरात इंग्रजीत कधीच नसते इतक्या वेळा येते, आणि अक्षरामागून अक्षर येण्याची संभाव्यता कोणत्याही खऱ्या भाषेशी जुळत नाही. पानाच्या चित्रावरून ओसीआरने, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने, वाचलेला मजकूर आणि पानामागे साठवलेला मजकूर यांची तुलना केली, तर संशयाला जागाच उरत नाही.

दुसरी अडचण चित्ररूपी मजकुराची आहे. आदेशाचा कागद छापायचा, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, तो स्कॅन करायचा आणि तसाच संकेतस्थळावर टाकायचा, ही कार्यालयीन रीत असल्यामुळे भरतीची यादी किंवा निविदेची सूचना स्क्रीन रीडरला अनेकदा कोऱ्या पानासारखी भेटते. येथे 'या चित्रात मजकूर आहे' एवढे ओळखणे सोपे, तो मजकूर नीट वाचणे थोडे अवघड, आणि तक्त्यातील कोणता आकडा कोणत्या नावापुढचा हे राखणे सर्वांत अवघड असते, कारण ओळी-रकान्यांची एक चूक झाली तरी उमेदवाराला दुसऱ्याचेच गुण ऐकू येतील. जुन्या ग्रंथांच्या अंकीकरणात तर वर्ध्यापुरता एक खास पेच आहे. काका कालेलकर यांच्या पुढाकाराने झालेल्या लिपीसुधारणेत इ, उ, ए या स्वतंत्र स्वरांऐवजी 'अ'लाच मात्रा लावून 'अि', 'अु', 'अे' असे लिहिण्याची पद्धत पुढे आली आणि वर्ध्याच्या राष्ट्रभाषा-प्रचाराच्या परिसरातून निघालेल्या अनेक पुस्तकांत ती वापरली गेली. आजच्या देवनागरीवर शिकलेले ओसीआर या जोड्यांना छपाईचा दोष समजून भलताच स्वर देण्याची शक्यता असते. त्यावर उपाय एकच, की त्याच काळातील पानांचे नमुने प्रशिक्षणात घालणे.

तिसरी अडचण भाषेच्या खुणेची आहे. प्रत्येक पानाच्या आरंभी त्याची भाषा सांकेतिक अक्षरांनी नोंदलेली असावी लागते. मराठीसाठी 'एमआर' आणि हिंदीसाठी 'एचआय' ही खूण असते, व तिच्यावरून स्क्रीन रीडर आपला आवाज निवडतो. मराठी पानावर हिंदीची खूण राहिली, तर 'चूल' आणि 'जाळे' यांतील दंततालव्य उच्चार हरवतात, आणि ६९ हा आकडा 'एकोणसत्तर' न होता 'उनहत्तर' होऊन ऐकू येतो. अर्जातील रक्कम किंवा तारीख ऐकून पडताळणाऱ्या माणसासाठी हा गोंधळ क्षुल्लक नसतो. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आणि राष्ट्रभाषा प्रचार समिती यांच्यामुळे हिंदीचे मोठे केंद्र असलेल्या, आणि मराठीत कारभार चालणाऱ्या या जिल्ह्यात दोन्ही भाषांची पाने शेजारी शेजारी असणे स्वाभाविकच आहे. भाषा ओळखणारे प्रारूप सलग परिच्छेदावर क्वचितच चुकते, कारण 'आहे', 'च्या', 'ळ' यांसारख्या खुणा लगेच हाती लागतात. पण संकेतस्थळाच्या दर्शनी पट्टीवर 'संपर्क', 'सूचना', 'प्रवेश' असे सुटे शब्द असतात, ते दोन्ही भाषांत जसेच्या तसे आहेत, आणि तेथे प्रारूपाला सभोवतालच्या पानाचा आधार घ्यावाच लागतो.

यशाचे मोजमाप आणि साच्याचा सापळा

अशा प्रारूपाचे यश एका टक्केवारीत सांगणे दिशाभूल करणारे असते. समजा, १,००० चित्रांपैकी १०० चित्रांचा पर्यायी मजकूर सदोष आहे. प्रारूपाने १२० चित्रांवर बोट ठेवले आणि त्यांपैकी ८० खरोखर सदोष निघाली. दाखवलेल्यांपैकी खरे किती, या अर्थाने त्याचा नेमकेपणा सुमारे ६७ टक्के झाला; खऱ्या दोषांपैकी सापडले किती, या अर्थाने त्याचा आवाका ८० टक्के झाला; आणि सर्व चित्रे निर्दोष आहेत असे डोळे मिटून सांगणारे निरुपयोगी प्रारूपही १,००० पैकी ९०० वेळा बरोबरच ठरले असते. नेमकेपणा फार कमी असला तर खोट्या सूचनांना कंटाळून कर्मचारी अहवाल बाजूला ठेवतात, आणि आवाका कमी असला तर अहवाल स्वच्छ असूनही अडथळे कायम राहतात. प्रारूपाचा उपयोग दोष असण्याची शक्यता जास्त असलेली पाने वर काढणाऱ्या चाळणीसारखा करणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

याहून सूक्ष्म धोका साच्यांचा आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने सुरक्षित, विस्तारक्षम व सुगम्य संकेतस्थळे देण्यासाठी एसथ्रीवास नावाची चौकट उभारली आहे, आणि वर्ध्यासह देशातील बहुतेक जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे तिच्यावर चालतात. साहजिकच वर्ध्याचे पान आणि यवतमाळचे पान यांचा सांगाडा एकच असतो. वर्ध्याच्या पानांवर शिकवलेले प्रारूप यवतमाळच्या पानांवर तपासले, तर ते अपरिचित पान ओळखत नसून पाठ केलेला साचाच पुन्हा ओळखत असते, आणि कागदावरचे त्याचे यश फसवे ठरते. शिकवणी आणि परीक्षा यांची विभागणी पानांवरून न करता साच्यांवरून करावी लागते, ती यासाठी. याच समानतेची दुसरी बाजू मात्र लाभाची आहे. सांगाड्यातील एक दोष मुळात दुरुस्त केला की तो एकाच वेळी शेकडो जिल्ह्यांतून नाहीसा होतो, आणि मग उरतात ते स्थानिक कार्यालयातून रोज चढवल्या जाणाऱ्या कागदपत्रांतील दोष. जिल्हा पातळीवर यंत्रशिक्षणाचे खरे काम या दुसऱ्या वर्गात आहे.

शोधणे आणि दुरुस्त करणे

अडथळा शोधणारे यंत्र तो दुरुस्तही करेल, असा समज बाजारात पसरवला गेला आहे. संकेतस्थळावर एका ओळीचा कोड जोडला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर ते आपोआप निकषांत बसेल, असा दावा करणाऱ्या अॅक्सेसिबी या कंपनीवर अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला आणि दहा लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला. काही महिन्यांनी तो कायम झाला. अशा कोडने पानावर चढवलेल्या थराखाली पानाचे मूळ दोष तसेच राहतात, आणि कित्येकदा हा थर दृष्टिहीन व्यक्तीच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरच्या कामातच अडथळा आणतो.

स्वयंचलित चित्रवर्णनाचीही मर्यादा येथेच स्पष्ट होते. व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसांचे छायाचित्र पाहून प्रारूप 'टेबलाजवळ उभे असलेले काही लोक' असे वर्णन देईल व ते खोटे नसेल. पण तेच छायाचित्र बातमीत असेल तर माणसे कोण हे महत्त्वाचे असते, योजनेच्या पानावर असेल तर मागच्या फलकावरील अर्जाची अंतिम तारीख महत्त्वाची असते, आणि केवळ सजावटीला असेल तर ते स्क्रीन रीडरने वगळणेच योग्य असते. चित्राचा हेतू चित्रात नसून ते लावणाऱ्याच्या मनात असतो, त्यामुळे योग्य वर्णन लिहिण्याची जबाबदारी प्रकाशित करणाऱ्याकडेच राहते.

जिल्ह्याला करता येण्याजोगे

मराठी पानांसाठी समर्थ प्रारूप उभे करण्यातील खरी उणीव संगणकांची नसून शिक्का मारलेल्या मराठी उदाहरणांची आहे. कृतिदेवमधील पीडीएफ, स्कॅन केलेले आदेश, चुकीच्या भाषेची खूण असलेली पाने आणि नावाविना बटणे यांचे काही हजार नमुने गोळा करून प्रत्येकावर अडथळ्याचा प्रकार व तीव्रता नोंदवणे हे काम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे, आणि सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा वर्ध्याची बजाज तंत्रज्ञान संस्था यांसारख्या ठिकाणी त्यासाठी लागणारे मनुष्यबळ जिल्ह्यातच आहे. मात्र शिक्का मारणाऱ्यांमध्ये स्क्रीन रीडर रोज वापरणारे लोक नसतील, तर प्रारूप डोळस माणसाच्या कल्पनेतील अडथळेच शिकेल. डोळस विद्यार्थी फिकट रंगाला मोठा दोष मानील. स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती कदाचित सांगेल की, तिला दहा नामहीन चित्रे चालतील, पण 'सादर करा' या बटणापर्यंत टॅब कळीने पोहोचता न येणे चालणार नाही. या दोन मतांतील अंतर नोंदवणे आणि तीव्रता ठरवताना दुसऱ्या मताला मान देणे, हा प्रशिक्षणाचाच भाग समजला पाहिजे. दृष्टिहीन व्यक्तींना या कामाचा मोबदला मिळणेही तितकेच आवश्यक आहे, कारण त्यांचे ज्ञान येथे तज्ज्ञाचे ज्ञान असते.

तपासणीची जागाही बदलावी लागेल. वर्षातून एकदा संपूर्ण संकेतस्थळाचा अहवाल मागवण्यापेक्षा, कागद संकेतस्थळावर चढवण्याच्या क्षणीच प्रारूपाने 'हा मजकूर जुन्या टंकातील दिसतो' किंवा 'या पानावर केवळ चित्र आहे' अशी सूचना द्यावी, हे अधिक परिणामकारक ठरेल, कारण त्या वेळी मूळ फाइल लिपिकाच्या हाताशी असते आणि ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा जोडण्यास थोडीच मिनिटे लागतात; तीन वर्षांनंतर तीच फाइल शोधणे दुरापास्त होते. सूचना मराठीत आणि दुरुस्तीची पायरी सांगणारी असावी, निकषाचा क्रमांक सांगून थांबणारी नसावी.

अखेरीस गुणांकनाचा प्रश्न उरतो. १०० पैकी ९२ गुण मिळवणाऱ्या संकेतस्थळावर उरलेल्या आठ गुणांचा दोष नेमका कॅप्चाच्या, म्हणजे वापरणारा माणूसच आहे हे पडताळणाऱ्या, चित्रात असू शकतो आणि तेवढ्याने संपूर्ण सेवा बंद पडू शकते. याउलट ७० गुणांच्या संकेतस्थळावरूनही अर्ज सुरळीत जाऊ शकतो. प्रज्ञा प्रसून खटल्याच्या निर्देशांत संकेतस्थळ किंवा ॲप बनवतानाच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करून घेण्याचा जो विचार मांडला आहे, त्याचे मोल येथे कळते. यंत्राने दोषांची यादी द्यावी, दोष किती पानांवर पसरले आहेत हे सांगावे आणि दुरुस्तीनंतर ते परतले का यावर लक्ष ठेवावे. पण जिल्ह्याच्या डिजिटल सेवांचे अंतिम मोजमाप उत्पन्नाच्या दाखल्यासारखा एखादा ठरावीक अर्ज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या किती जणांना, ओटीपी कोणालाही न सांगता, आरंभापासून पावतीपर्यंत पूर्ण करता आला, याच आकड्याने करावे लागेल.